भाईकाका नेमके कधी गेले?

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी कातळाच्या कडेला हापूसची जुनी कलमं आहेत. ती जमीन भाईकाकांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. १९५९ साली ते बॅलार्ड पिअरवरून बोटीने विलायतेला गेले. तिथून पाठवलेल्या पैशांतून आजीने पुढे ही जमीन घेतली आणि खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावाने केलं. सातबारावर २०२१ सालीही तेच एक नाव उभं होतं. बोट सुटल्यापासून घरातल्या कोणीही त्या माणसाला पाहिलेलं नव्हतं.

हे इतकी वर्षं कोणाला खुपलं नाही. आंबा बाबा उतरवायचे, पेट्या वाटल्या जायच्या, शेतसाऱ्याची पावती भाईकाकांच्या नावाने फाटायची. मग हवामानावर आधारित फळपीक विमा आला आणि अडलं. विमा खातेदाराला मिळतो. खातेदार कुठे आहे? वारले, असं आम्ही सांगितलं. मग मृत्यूचा दाखला आणा, असं उत्तर आलं, आणि ते बरोबरच होतं.

वारले, हे आम्हाला तरी कुठून ठाऊक होतं? गावात दोन बातम्या होत्या. पहिली शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मावशींची. "अगो, तो कधीच गेलो! आणीबाणी सरल्यार थोड्याच वर्सांनी," असं त्या छातीठोक सांगत, त्यांच्या एका भाच्याने तेव्हा मुंबईत कोणाकडून तरी ऐकलं होतं. दुसरी बातमी बोटीवर नोकरी केलेल्या एका गाववाल्याची. त्याच्या मते भाईकाका १९९३ साली लंडनमध्ये गेले. आजीने मात्र त्यांचं श्राद्ध कधी घालू दिलं नाही. ती १९९० साली गेली.

आता या दोन बातम्यांत दहा-बारा वर्षांचा फरक आहे, आणि गेलेला माणूस कधीही जावो, गेला तर गेलाच, असं मलाही आधी वाटलं होतं. आमच्या वकिलांनी कागदावर वंशावळ काढली तेव्हा कळलं की सगळी मेख त्या तारखेतच आहे. भाईकाका अविवाहित होते असं धरू. अविवाहित हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीला हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिली वारस त्याची आई. ते आजीच्या आधी गेले असतील तर जमीन आजीची झाली, आणि आजीनंतर तिच्या चारही मुलांच्या शाखांची: बाबा, धाकटे काका, धाकटी आत्या आणि १९८५ साली गेलेल्या थोरल्या आत्याची मुलं. पण भाईकाका आजीनंतर, १९९३ साली गेले असतील तर त्या दिवशी हयात असलेली भावंडंच वारस. म्हणजे तिघंच. थोरल्या आत्याच्या मुलांचं नाव साफ गळतं. चौथा हिस्सा की तिसरा, याचा निकाल इंग्लंडमधल्या एका तारखेवर लागणार होता. धाकट्या काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, १९९३ वर एवढा ठाम का, हे त्या वंशावळीकडे पाहून माझ्या ध्यानात आलं. तिसरा हिस्सा आमच्या बाबांनाही मिळाला असता, हेही सांगून टाकते.

सोपा मार्ग सुचवणारे भेटलेच. "गावातच वारले असं दाखवू, ग्रामपंचायतीतून दाखला काढून देतो," असं एकाने थेट सुचवलं. जन्ममृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथेच होते. विलायतेत वारलेल्या माणसाची नोंद देवगडच्या पंचायतीत करणं म्हणजे शुद्ध खोटा दस्तऐवज. त्यात पुन्हा वर्ष उलटून गेलेली नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. दुसरा मार्ग कायदेशीर होता, पण आमच्या उपयोगाचा नव्हता. ज्याचा ठावठिकाणा सात वर्षं आप्तांना कळलेला नाही तो मृत आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं; तेव्हाच्या पुरावा कायद्याचं ते १०८वं कलम. दिवाणी दावा लावून तसं जाहीर करून घेता येतं. पण त्या गृहीतकात मृत्यूची तारीख येत नाही. माणूस मेला एवढंच ठरतं, कधी मेला ते ठरत नाही. आणि आमचं भांडण तर 'कधी'चंच होतं.

म्हणून मूळ नोंद शोधायची ठरवली. बँकेतून निवृत्त झाल्यामुळे मला वेळ होता, आणि खातेवहीतली नोंद नोंदीशी जुळवण्याची सवय हाताला होतीच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंद होते. त्या नोंदींची सूची कोणालाही पाहता येते, आणि मृत्यूच्या दाखल्याची नक्कल कोणीही मागू शकतो. मयताशी नातं सिद्ध करावं लागत नाही. हे वाचून मी थक्क झाले होते. पुण्यात बसून, परक्या देशात चार दशकांपूर्वी गेलेल्या कोणाचाही दाखला मागवता येतो; तेव्हा त्याला अकरा पौंड पडायचे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात स्वतःच्या आजोबांची नोंद काढताना चप्पल झिजते.

सूची मात्र सरळ नाही. जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे तिकडच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या मध्यवर्ती कचेरीच्या, संकेतस्थळावर फुकट खातं उघडून मृत्यू शोधता येतात, पण मी शोधत होते तेव्हा तिथे १९५७ पर्यंतचे आणि मग एकदम १९८४ पासूनचे मृत्यू होते. मधली वर्षं गायब. ही फट ज्याला माहीत नाही तो 'नाव नाही, म्हणजे माणूस जिवंत असणार' असं समजून बसेल. मधल्या काळासाठी 'फ्री बीएमडी' नावाचा स्वयंसेवकांचा उपक्रम आहे. जुन्या छापील सूच्यांची पानं पाहून त्यांनी कोट्यवधी नोंदी टंकून काढल्या आहेत, आणि तिथे शोधायला पैसे पडत नाहीत.

चुलतभावाने आधी जनरल रजिस्टर ऑफिसची सूची पाहिली, आणि त्याला १९९३ सालची एक नोंद सापडलीही. आडनाव आमचंच, सावंत, नावाचं पहिलं अक्षर तेच, नोंदणी बृहन्लंडनमध्ये. घरच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याने ती टाकली आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. धाकट्या आत्याने तर त्या दिवशी आंघोळही केली. मी म्हटलं, दाखला तर मागवू. दाखला आला. त्या गृहस्थांचा जन्म नैरोबीचा होता, आणि वयाने ते भाईकाकांपेक्षा बरेच लहान. पूर्व आफ्रिकेतून १९६०-७०च्या दशकांत हजारो भारतीय कुटुंबं इंग्लंडला गेली, त्यांतलंच एखादं. सावंत आडनाव आपल्याकडे कोकणापासून बेळगावापर्यंत पसरलेलं. लंडनमध्ये एखादा सावंत सापडणं म्हणजे काहीच सापडलेलं नाही.

मग मी फ्री बीएमडीवर बसले. इंग्रजीत सावंत लिहायला 'डब्ल्यू' चालतो तसा 'व्ही'ही चालतो, आणि तिकडच्या कारकुनाने कानाला ऐकू येईल तसं लिहिलं असेल तर आणखी दोन-तीन तऱ्हा. उच्चारावरून शोधायची सोय तिथे आहे, ती वापरली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: १९८३ पर्यंतची सूची तिमाहीने लावलेली आहे, आणि ती तिमाही नोंदणीची असते, मृत्यूची नव्हे. तिकडे मृत्यू पाच दिवसांत नोंदवावा लागतो, पण कोरोनरची, म्हणजे अचानक किंवा संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी लागली तर नोंद पुढच्या तिमाहीत जाऊ शकते.

१९८१ची पहिली तिमाही. 'व्ही' घालून लिहिलेला एक सावंत. जिल्हा कॉव्हेंट्री. पहिलं नाव भाईकाकांचं. १९६९च्या मध्यापासून या सूचीत वयाऐवजी जन्मतारीख दिलेली असते, आणि इथे ती होती १ जून १९३४.

ही तारीख पाहून मी हसलेच. आमच्या घरात बाबांचा वाढदिवस १ जून, धाकट्या आत्याचा १ जून आणि भाईकाकांचाही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख ठोकून दिलेली. आजीच्या म्हणण्याप्रमाणे भाईकाका शिमग्याच्या सुमारास झाले होते. पण गुरुजींची तारीख शाळेच्या दाखल्यावर गेली, दाखल्यावरून पासपोर्टवर, आणि पासपोर्टवरून विलायतेच्या मृत्यूच्या सूचीत. खरी जन्मतारीख कोणाला ठाऊकच नव्हती, त्यामुळे ती जुळवता आली नसती. खोटी मात्र सगळीकडे एकसारखी उमटली होती. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधून भाईकाकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत काढून आणली. १ जून १९३४.

चुलतभाऊ वकिली डोक्याचा आहे. "ताई, एक जून अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस आहे," तो म्हणाला. त्याचं खरंच होतं. दुसऱ्या देशात जन्मतारीख जुळली तर बहुतेक काम संपतं. आपल्याकडच्या त्या पिढीचं तसं नाही. एकाच तारखेचे, एकाच नावाचे, एकाच आडनावाची दोन माणसं सहज निघतील. जुळवाजुळव पुढे करावी लागणारच होती.

सूचीतला खंड आणि पान क्रमांक देऊन दाखला मागवला. या काळातल्या दाखल्याची प्रत कागदावरच मिळते. इंग्लंडचा मृत्यूचा दाखला म्हणजे रकान्यारकान्यांचा कागद. मृत्यूची तारीख आणि ठिकाण, नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, व्यवसाय, राहण्याचा पत्ता, खबर देणाऱ्याचं नाव, त्याचा मयताशी संबंध, मृत्यूचं कारण, निबंधकाची सही. जन्मठिकाणाचा रकाना १९६९ पासूनचा आहे. त्याआधीच्या दाखल्यावर तो नसतो, एवढं आमचं नशीब.

मृत्यू फेब्रुवारी १९८१. राहत्या घरी, हृदयविकाराने. शवविच्छेदनानंतर कोरोनरच्या दाखल्यावरून नोंद झालेली. व्यवसाय फाउंड्रीतला कामगार. जन्मठिकाण 'रत्नागिरी, इंडिया'. नावात मधल्या जागी आजोबांचं नाव, तेही इंग्रजीत वेडंवाकडं लिहिलेलं पण ओळखू येणारं. आपल्या पद्धतीने वडिलांचं नाव मधे लावलेलं असतं आणि इंग्रजांना ते दुसरं नाव वाटतं. तिकडच्या कागदांत आपल्या माणसाचा बाप असा न सांगता सापडतो. 'रत्नागिरी' मात्र पुढे अडचण करणार हे मला तेव्हाच दिसलं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. भाईकाका गेले तेव्हा देवगड रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, पण आज दाखला वाचणारा म्हणणार, हा माणूस आमच्या जिल्ह्यातला नव्हेच.

खबर देणारा होता एक पंजाबी माणूस, सिंग. पत्ता भाईकाकांचाच. संबंधाच्या रकान्यात मृत्यूच्या वेळी हजर असल्याचं लिहिलेलं.

बाबांना दाखला वाचून दाखवला तेव्हा ते फाउंड्रीपाशी थांबले. भाई गिरणीत फिटर होता, तिकडेही मशिनीवरच असेल अशी त्यांची समजूत होती. पत्रात त्यांनी फाउंड्रीचा उल्लेख कधी केला नव्हता. ओतकामाच्या भट्टीवर युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये गोरे कामगार टिकत नसत, म्हणून ते काम बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला येई. मिडलंड्समधल्या, म्हणजे कॉव्हेंट्रीच्या बाजूच्या मध्य इंग्लंडातल्या, फाउंड्र्यांत पंजाबी माणसांचा भरणा होता. त्यांत एक मालवणी माणूस काय बोलत असेल, कोणाशी, हा प्रश्न बाबांनी विचारला नाही. मीच तो मनात घोळवत बसले.

आजीच्या ट्रंकेत भाईकाकांची काही हवाईपत्रं होती. शेवटचं १९७६ सालचं. पाठीमागे कॉव्हेंट्रीचाच पत्ता, पण दाखल्यावरच्या पत्त्यापेक्षा वेगळा, वेगळ्या रस्त्यावरचा. म्हणजे पत्र लिहिणारा भाऊ आणि दाखल्यातला मयत यांच्यामध्ये पाच वर्षांची आणि एका घराची दरी होती. ती मतदारयाद्यांनी भरून काढली.

राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असतील तर त्यांना तिथे मतदान करता येतं; ब्रिटिश नागरिक व्हावं लागत नाही. म्हणून भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या भाईकाकांचं नावही मतदारयादीत असू शकत होतं. या याद्या रस्ता आणि घरक्रमांकानुसार लावलेल्या असतात. त्या काळी १० ऑक्टोबरला जो ज्या घरात राहतो त्याची नोंद होई आणि यादी पुढच्या फेब्रुवारीत लागू होई. जुन्या याद्या कॉव्हेंट्रीच्या हर्बर्ट संग्रहालयातल्या अभिलेखागारात आहेत. माझा भाचा बर्मिंगहॅमला असतो. एका सुट्टीच्या दिवशी जाऊन बस तिथे, असं त्याला सांगितलं. तो बिचारा मोबाइलवर फोटो काढून पाठवत राहिला.

१९७६च्या घरात पाच नावं: चार सिंग, एक सावंत. भाईकाका आणि दाखल्यावरचा तो सिंग, दोघंही एकाच छपराखाली. पुढच्या दोन याद्यांतही तसंच. मग त्या घरातून दोघांची नावं एकदम जातात आणि त्याच वर्षी दुसऱ्या रस्त्यावरच्या, म्हणजे दाखल्यावरच्या घरात दोघांची नावं एकदम येतात. १९८२च्या यादीत सिंग आहे, सावंत नाही. दोन माणसांनी मिळून घर बदललं, एवढंच त्या यादीत आहे. पण आमचं पत्र त्यामुळे त्या दाखल्याला जाऊन चिकटलं. चुलतभावाकडेही याला उत्तर नव्हतं.

त्या सिंगबाबांना शोधावं असं मला फार वाटलं. याद्यांमध्ये पुढे काही वर्षं ते दिसतात आणि मग दिसत नाहीत. त्यांच्या मागे लागायचा मला काही हक्क नाही असं वाटून मी तो धागा सोडून दिला.

आता दुसरा प्रश्न: लग्न. इंग्लंडच्या दाखल्यावर पुरुष विवाहित होता की नाही हे लिहिलेलं नसतं. स्त्री असेल तर अमक्याची पत्नी किंवा विधवा असं येतं, पुरुषाचं काही नाही. तिकडे बायको-मुलं असतील तर जमीन आजीबरोबर त्यांचीही, आणि आमची सगळी वंशावळ फोल. विवाहांच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव दिलेलं असतं, जन्मांच्या सूचीत आईचं माहेरचं. १९५९ ते १९८१ सगळी वर्षं, आडनावाच्या सगळ्या तऱ्हा घालून पाहिली. कॉव्हेंट्री आणि आसपास काही नाही. इतरत्र जे सावंत होते त्यांची नावं वेगळी. ही सूची इंग्लंड-वेल्सपुरती आहे, स्कॉटलंडचं दफ्तर वेगळं, तिथेही शोधलं. मृत्युपत्राच्या किंवा वारसहुकुमाच्या सरकारी सूचीत, जी १८५८ पासून आहे, भाईकाकांचं नाव नव्हतं. पण थोडीथोडकी शिल्लक असलेल्या माणसासाठी तसा हुकूम बहुधा काढतच नाहीत, त्यामुळे तिथे नाव नसण्याला मी फारसं वजन दिलं नाही. विवाहसूचीत नाव न सापडण्यालाही न्यायालयात कितपत किंमत, अशी वकिलांना शंका होतीच. नोंद सापडली नाही याचा अर्थ 'मला सापडली नाही' एवढाच.

उत्तर मिळालं ते दहनभूमीच्या वहीतून. ब्रिटनमध्ये दहनाची वही ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि त्या वहीत मयत विवाहित की अविवाहित, दहनासाठी अर्ज कोणी केला, अस्थींचं काय केलं, असे रकाने असतात. कॉव्हेंट्रीचं दहनगृह कॅनलीला आहे, नगरपालिकेचं. नाव आणि मृत्यूची तारीख कळवून विचारणा केली, थोडं शुल्क भरलं आणि त्या ओळीची नक्कल ई-मेलने आली. अविवाहित. अर्जदार तेच सिंग. अस्थी तिथल्याच बागेत विखुरलेल्या. अविवाहित हा शब्द अर्थात सिंगबाबांनी सांगितला म्हणून लिहिलेला. पण एका घरात इतकी वर्षं राहिलेल्या माणसाचा तो शब्द आहे, आणि सूचीतल्या शोधाशी तो जुळतो. वकील म्हणाले, आता चालेल.

वाचणाऱ्यांपैकी कोणाचं असंच काम अडलं असेल तर एक सांगते, हे सगळीकडे असं जमत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची मृत्युसूची आहे, पण २०१४ पासून अलीकडच्या तीन वर्षांतले मृत्यू त्यात सर्वांना दिसत नाहीत, आणि दाखला कोणाला द्यायचा हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. आखातात गेलेल्या माणसासाठी अशी उघडी सूची शोधत बसू नये. तिथे मालकाची कंपनी, रद्द केलेला पासपोर्ट आणि आपली वकिलात हाच रस्ता. आणि वकिलातीकडेही नोंद तेव्हाच असते जेव्हा कोणीतरी मृत्यू तिथे जाऊन कळवलेला असतो. सिंगबाबांना ते कोण सांगणार?

दाखला भारतात वापरायचा तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याची तिकडच्या सरकारने दिलेली ग्वाही, हवं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग कराराचा सदस्य आहे, त्यामुळे ब्रिटिश सरकारचं अपोस्टिल लागलेला कागद आपल्याकडे चालतो, पुन्हा दूतावासाचा शिक्का लागत नाही. ते काम मिल्टन कीन्सच्या सरकारी कचेरीत होतं. तेव्हा एका कागदाला तीस पौंड आणि टपालखर्च वेगळा. इथे एक शहाणपण: दाखल्याची प्रत पुण्याला मागवून पुन्हा तिकडे पाठवण्यापेक्षा दुसरी प्रत थेट भाच्याच्या पत्त्यावर मागवली आणि त्याने ती परस्पर मिल्टन कीन्सला टाकली. अपोस्टिलवर क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतं. हे मी छापून सोबत जोडलं. आपल्याकडे छापलेल्या कागदाचं वजन पडतं.

फाईल अशी झाली: अपोस्टिल लागलेला दाखला आणि त्याचा मराठी तर्जुमा, शाळेचा दाखला, हवाईपत्राची नक्कल, मतदारयाद्यांच्या पानांच्या प्रती, दहनवहीतली ओळ, आजीचा आणि थोरल्या आत्याचा मृत्यूचा दाखला, आणि 'डब्ल्यू'चा सावंत आणि 'व्ही'चा सावंत एकच, असं बाबांचं प्रतिज्ञापत्र. जिल्हा विभाजनाच्या अधिसूचनेची प्रतही लावली. तलाठी भाऊसाहेबांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "एवढं तर इथे मेलेल्याचं पण कोणी आणत नाही हो."

दोन फेरफार घालायचे होते. पहिला भाईकाकांकडून आजीकडे, १९८१च्या मृत्यूमुळे. दुसरा आजीकडून तिच्या वारसांकडे, १९९०च्या. हयात नसलेल्या बाईचं नाव सातबारावर चढवून लगेच उतरवायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वारसाची साखळी तुटू नये म्हणून ते करावं लागतं.

पंधरा दिवसांची नोटीस निघाली आणि चुलतभावाने हरकत घेतली. मला त्याचा राग आला नाही, कारण हिश्शाचा प्रश्न होता आणि तो लपूनछपून काही करत नव्हता. त्याच्या वकिलाने सुनावणीत दाखल्याच्या तळाशी छापलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. इंग्लंडच्या प्रत्येक दाखल्यावर ती असते: हा दाखला ओळखीचा पुरावा नव्हे. तुमचाच कागद म्हणतो आहे, असा त्यांचा युक्तिवाद. आमच्या वकिलांनी शांतपणे सांगितलं की बरोबर आहे, दाखला हातात असलेला माणूस म्हणजेच दाखल्यातला माणूस असं समजू नका, एवढंच ती ओळ सांगते; आणि आम्ही ओळख दाखल्यावरून सिद्ध करतच नाही, ती पत्र, याद्या आणि शाळेच्या दाखल्यावरून करतो आहोत. अधिकाऱ्यांनी मतदारयाद्यांची पानं बराच वेळ उलटून पाहिली. कोणत्या घरात कोण, हे त्यांनी स्वतः बोटाने शोधलं. मग चुलतभावाला विचारलं, "१९९३चा काही कागद आहे का तुमच्याकडे?" नैरोबीच्या सावंतांचा दाखला त्याने आणला नव्हता.

दोन्ही फेरफार मंजूर झाले. सातबारावर आता बाबा, धाकटी आत्या, धाकट्या काकांची बायको आणि मुलगा, आणि थोरल्या आत्याची दोन्ही मुलं अशी नावं आहेत. विमा कोणी एकाने भरायचा तर बाकीच्यांचं संमतिपत्र लागतं, आणि आत्याचा धाकटा मुलगा सध्या मस्कतला असल्यामुळे ते अजून आलेलं नाही.